थांब्यासाठी एक पाइन

ज्या घरापुढे उंच झाड नाही, त्या घराला दिशा नसते.

हे वाक्य माझ्या पत्नीचं आहे. पालीहून आत येणाऱ्या एस.टी.त पुढच्या बाकावर बसून, समोरच्या ओल्या काचेकडे बघत ती ते म्हणाली. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईचा आवाज अशा वाक्यांना शोभतो. मी वाक्याचा विचार करू लागलो आणि विचार संपेपर्यंत आमचा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही दोघं एका छत्रीतून परत चालत आलो.

चूक सगळी आमची नव्हती. आमचं घर सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. उन्हाळ्यात तापलेल्या तव्यासारखं आणि श्रावणात कुणीतरी अर्धवट पुसलेल्या पाटीसारखं. त्या दिवसांत ढग वरून जात नाहीत, अंगणातून जातात. गवत कंबरेएवढं होतं, कुंपणाच्या दगडी गडग्यांवर शेवाळं चढतं आणि सगळी घरं आपापल्या आंब्याकाजूंमागे जाऊन बसतात. बाहेरून येणाऱ्याला दिसतो तो एकच लांबलचक हिरवा-करडा पट्टा. त्यातून एखादा कुत्रा भुंकतो, एखाद्या चुलीचा धूर वर यायचा प्रयत्न करतो आणि धुक्यातच राहतो. अशा वेळी माणूस आपल्या घरी येत नाही. घर असेल असं समजून उतरतो.

पण त्या दिवशी परत चालताना ती नेहमीसारखी हसली नाही. छत्रीच्या दांड्याला घट्ट धरून म्हणाली, "आपला थांबा गेला तो मला दिसलाच नाही. धुकं होतं म्हणून नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. या दुखण्याची रीत अशी की ते समोरून येत नाही. नजरेच्या कडा हळूहळू मिटत जातात आणि माणसाला वाटतं, जगच जरा अरुंद झालंय. समोरचं तिला स्वच्छ दिसे. बाजूने सरकणारं दिसेनासं झालं होतं. आणि थांबे, पाट्या, ओळखीची दुकानं ही सगळी बाजूने सरकणारी मंडळी आहेत. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत यायचं नाही. आहे ते टिकवू." रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे ठरले.

पालीला तिचं जाणं आठवड्याला एकदा तरी असे. बाजार हे निमित्त. तिथे तिची जुनी मैत्रीण राहते आणि दोघींना माझ्याबद्दल बोलायचं असतं. मी म्हटलं, "मी येत जाईन सोबत."

"मला सोबत नको," ती म्हणाली. "थांबा हवा."

"कंडक्टरला सांगत जा मग."

"काय सांगू? की माझं घर कुठे आहे ते तुम्ही मला सांगा?"

ती एकटी जाऊन एकटी परत येऊ शकली, तर आमच्या घरात सगळं पूर्वीसारखं राहणार होतं. नाहीतर काहीतरी संपणार होतं, आणि ते काय, हे दोघांपैकी कुणीच मोठ्याने म्हणणार नव्हतं.

थांब्याच्या जरा अलीकडे रस्ता वळतो. त्या वळणावर गाडी आली की क्षणभर आमच्या घराची जागा ड्रायव्हरच्या काचेत अगदी समोर येते, थोडी चढावर. तिने हे कधीच हेरून ठेवलं होतं. तिथे आंब्याकाजूंहून उंच, आंब्याकाजूंसारखं न दिसणारं एखादं झाड असेल, तर ते समोरून दिसेल. दिसलं की उठायचं. त्या वाक्यातली दिशा ती ही होती.

तिच्या मनात पाइन होता, म्हणून मी पुस्तकं काढून वाचली. खरा पाइन कोकणात जगत नाही. त्याला थंडी हवी असते आणि आमच्याकडे थंडी म्हणजे चहाची वेळ लांबणं. रोपवाटिकेत 'पाइन' म्हणून जे मिळतं ते दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरचं, पाइनचं लांबचं नातेवाईक. कोकणात लांबचे नातेवाईकच जास्त टिकतात, असा माझा अनुभव आहे. त्याला समुद्राचा खारा वारा चालतो, जमीन निचऱ्याची लागते आणि ते सरळ, मजल्यामजल्याने वर जातं. पत्नीने रोपवाटिकेत एकेका रोपाला समोर उभं राहून पाहिलं आणि कंबरेएवढं एक निवडलं. रोप मऊ होतं. तिने फांदीवरून हात फिरवला, मांजरावरून फिरवतात तसा.

आता माझ्या चुलतभावाबद्दल सांगायला हवं. तो आमच्या शेजारीच राहतो आणि त्याची आंब्याची कलमं आहेत. माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो, पत्नीला वयनी. आमच्या भागात झाडाच्या आजारावर त्याचा शब्द शेवटचा असतो, आणि माणसाच्या आजारावरही त्याला विचारतात. खड्डा त्यानेच खणून दिला. जांभ्यात खड्डा खणणं म्हणजे जवळजवळ दगड काढणंच. त्यात शेतातली माती, कुजलेलं शेण आणि पातेरा, म्हणजे गळलेला पाला, भरला. रोप लावून झाल्यावर तो मागे सरला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"वयनी, ह्येला काय लागतं?"

"काही नाही, भावजी."

"फळ नाय?"

"नाही."

"मग फूल?"

"नाही."

"लाकूड तरी?"

"तोडायचंच नाहीये, भावजी."

"बरं," तो म्हणाला. कुणाच्या घरी वाईट बातमी ऐकल्यावर म्हणावं, तसं. पुढे येणारेजाणारे सगळेच ते विचारत आणि उत्तर ऐकून सगळ्यांचा चेहरा तसाच होई. आमच्याकडे प्रत्येक झाडाला काही ना काही लागतं. नुसतं उभं राहणारं झाड म्हणजे घरात बसून राहिलेला मुलगा. ग्रामपंचायतीचं वृक्षारोपण मात्र वेगळं. ते दरवर्षी त्याच खड्ड्यात होतं आणि त्यातल्या झाडाला काय लागतं हे विचारायची वेळ अजून आलेली नाही.

पहिल्या पावसाळ्यात झाड मरायलाच टेकलं. कातळातला खड्डा हा खड्डा नसून हौद असतो, हे लक्षात यायला खालच्या फांद्या पिवळ्या पडाव्या लागल्या. भावाने खड्ड्याच्या उतारावर कातळ फोडून चर काढून दिला आणि साचलेलं पाणी गडग्याखालून शेजारच्या काजूत गेलं. काजूला ते मानवलं. उन्हाळ्यात उलटं. पश्चिमेच्या बाजूला नारळाचे झाप बांधून सावली करायची, बुंध्याभोवती गवत पसरायचं, पण बुंध्याला चिकटू द्यायचं नाही, नाहीतर वाळवी लागते. भांडी विसळलेलं पाणी ती बादलीने नेऊन घाली. संध्याकाळी थेंब घालायची वेळ आणि झाडाला पाणी घालायची वेळ एकच. आधी झाड, मग डोळे, हा तिचा क्रम.

मग झाड जगायला लागलं.

त्याचं वाढणं इतर झाडांसारखं नव्हतं. आंबा वाढतो तो गर्दी वाढल्यासारखा. हे झाड एखादं शांत घर बांधत असल्यासारखं वाढे. आधी शेंड्याचा एक हिरवा कोंब सरळ वर. काही दिवस नुसता कोंबच. मग एक सकाळ अशी येई की त्याच्या भोवती चारी बाजूंना फांद्यांचा नवा मजला उघडलेला असे, आणि रात्रीत कोण येऊन हे करून गेलं, असं वाटे. श्रावणात ढग अंगणात आले की खालचे मजले दिसेनासे होत आणि वरचे नुसते तरंगत. मी पडवीत पुस्तक घेऊन बसे आणि पान उलटायचं राहून जाई. त्या मजल्यांवर कुणी राहत असेल, तर ते कसलीच घाई नसलेले लोक असणार.

वारा आला की त्याचा आवाज ऐकू येई. माडासारखा खडखडाट नाही, आंब्यासारखी सळसळ नाही. कुणीतरी लांब, खूप लांब, वाळूवरून काहीतरी ओढत नेतंय आणि पोचत नाहीये, असा आवाज. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही. त्या झाडातून तो थोडासा ऐकू येई. थेंब घातले की काही वेळ डोळे मिटून पडायचं असतं. ती त्यासाठी झाडाजवळच्या जांभ्याच्या बाकावर जाऊन पडू लागली. एकदा मला वाटलं झोपली, म्हणून मी पाय न वाजवता जवळ गेलो.

"नवा मजला सुरू झालाय," ती डोळे न उघडता म्हणाली.

"दिसला?"

"ऐकला. वरचा वारा वेगळा वाजतोय."

मी वर बघितलं. खरंच झाला होता. मी संशयी माणूस आहे, म्हणून सकाळी तिने तो आधी पाहिला असेल, असं स्वतःला सांगितलं.

झाड घराच्या कौलांना मागे टाकायच्या बेतात असताना मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही पुण्याला गेलो. परत आलो ते पावसाळा संपून गवत पिवळं पडलं तेव्हा. तेव्हा ती माझ्याबरोबर होती, त्यामुळे वळणावर ती समोर बघत होती आणि मी तिच्याकडे. ती उठली नाही. मला वाटलं, अजून तेवढं उंच झालं नसेल.

फाटकातून आत शिरलो तेव्हा कळलं. झाडाला शेंडा नव्हता. जिथे कोंब वर जायचा, तिथे हातभर उंचीचा भाग तिरक्या, स्वच्छ घावाने कापून टाकलेला होता. वर शेणाचा लेप दिलेला. काम उत्तम झालं होतं.

भाऊ तिथेच होता. चेहऱ्यावर आनंद.

"दादा, बगितलंत? सगळं वरच चाललं होतं. घेर म्हणून धरत नव्हतं. म्हटलं, तुमी येवच्या आधी शेंडा खुडून ठेवतो. आता फुटवे येतील बगा कसे! झाड कसं गोल व्हईल, वयनी. कलमासारखं."

पत्नीने त्याच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे. मग ती आत गेली आणि पिशव्या तशाच पडवीत राहिल्या.

भावाच्या हातून असं काही घडणं साहजिक होतं. आंब्याचा माणूस उंची बघतो ती आंबे काढायला किती त्रास होईल, या हिशोबाने. झाड आडवं वाढावं, हाताशी यावं, शिडी लागू नये, हे त्याच्या रक्तात आहे. केवळ वर जायचं म्हणून वर जाणारं झाड त्याला आजारी वाटलं, आणि त्याने उपाय केला. हे सगळं मी पत्नीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला कळतंय." आणि कळूनही ती त्याच्याशी बोलेना.

तिने पालीला जाणंही बंद केलं. मैत्रिणीचे फोन येत, ती म्हणे, "गुडघा दुखतोय." तिचा गुडघा कधी दुखला नव्हता. दुपारी ती बाकावर जाऊन पडे, पण डोळे उघडे ठेवून.

भाऊ रोज गडग्यापाशी येई. "वयनी, शहाळ्याचं पाणी ठेवलंय." "वयनी, फणसाची भाजी दिलेय हिनं." तो ठेवे आणि मी उचले. शेवटी एका सकाळी तो धुतलेला सदरा घालून, हातात नारळ, जास्वंदीची फुलं आणि उदबत्ती घेऊन फाटकातून आला. आमच्या गडग्याच्या कोपऱ्यात जांभ्याचा एक उभा दगड आहे. त्या जागेचा राखणदार तिथे असतो, असं मानतात. राखणदाराशी माझे संबंध परस्पर दुर्लक्षाचे आहेत.

"दादा, गाऱ्हाणं घालतो. तुमी व्हय म्हणा."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्या आवाजात मांडलेली तक्रार. एकाने वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. बाकीचे म्हणजे मी एकटाच होतो. आयुष्यभर मी सभांमधून हात वर न करता बसलोय. पण इथे गत्यंतर नव्हतं. पत्नी पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

भावाने उदबत्ती लावली, नारळ दगडापुढे ठेवला आणि घसा साफ केला.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"आज जो ह्यो नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे. तुझ्या हद्दीत ह्ये जे परमुलखातलं झाड आलंय, त्येचं नाव मला येत नाय. तुला येत असंल तर बरंच हाय."

"व्हय म्हाराजा."

"त्येला फळ नाय, फूल नाय, तरी तुझ्याच जागेत उभं हाय. त्येला तू परकं म्हणू नको."

"व्हय म्हाराजा."

"कुणा येड्याच्या हातून त्येचा शेंडा कापला गेला असंल, चांगलं करायला जाऊन वायट झालं असंल, तर त्यो हात तुझंच लेकरू समजून माफ कर."

"व्हय म्हाराजा."

"आणि जे घरातलं माणूस बोलायचं थांबलंय," इथे त्याचा आवाज जरा खाली आला, "घरातून भायेर पडायचं थांबलंय, त्येला बोलतं कर, चालतं कर. झाड सरळ वर जाऊ दे म्हाराजा. घेराचं आपण पुना नाव काढणार नाय!"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी पडवीतून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

तांदळाचं सूप बाजूला ठेवून ती खाली आली. "भावजी, नारळ फोडा," ती म्हणाली. "आणि शिडी आणा."

भावाचं एक भाकीत खरं ठरलंच होतं. कापल्याच्या खाली तीन कोंब फुटले होते, आणि तिघांचाही वर जायचा विचार होता. पुस्तकांत मी वाचलं होतं की अशा वेळी एकच ठेवायचा, बाकीचे काढायचे, आणि ठेवलेल्याला बांबूच्या आधाराने सरळ बांधायचं. मी ते सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

भाऊ शिडीवर चढला. खालून फांद्यांआड तिला तिथलं काही दिसत नव्हतं, म्हणून तो वरून वर्णन करू लागला.

"एक घराच्या अंगाला हाय, तो जाड. दुसरा रस्त्याच्या अंगाला, बारीक. तिसरा पश्चिमेला, मधला. जाड ठेवू?"

"पश्चिमेचा ठेवा."

"तो कशाला? जाडाला जोर हाय."

"वारा समुद्राकडून येतो ना? जाडाला घराकडे लोटील, तो वाकडाच जाईल. पश्चिमेच्याला मध्ये लोटील."

भावाने शिडीवरून एकदा वाऱ्याकडे तोंड करून बघितलं. "वयनी," भाऊ म्हणाला, "तुमी कलमं लावायला हवी होतीत." त्याच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

बांबूला कोंब बांधायला तिने आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. सुतळीने साल कापते. निळ्या काठाच्या त्या पट्ट्या वाऱ्यात फडफडत आणि लांबून झाडाने डोक्याला फडकं बांधल्यासारखं वाटे. दर पावसाळ्याआधी भाऊ शिडी लावून गाठी सैल करी. आंब्याचं काम कितीही असलं तरी हे त्याने कधी चुकवलं नाही. करताना तो झाडाशी काहीतरी बोलतही असे, पण माझ्यासारखे लोक खाली उभे असल्याने हळू.

कोंब उठला. वाऱ्याने त्याला मध्ये लोटलं, बांबूने धरलं, आणि काही पावसाळ्यांनंतर पट्ट्या सोडल्या तेव्हा झाड पुन्हा एकटं, सरळ, मजल्यामजल्याने वर चाललं होतं. फक्त जिथे कापलं होतं तिथे खोडाला एक बाक राहिला. मान किंचित वळवून कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. धुक्यात तर हे अगदी जाणवे. खालचा सडा नाहीसा झालेला, घर नाहीसं झालेलं, आणि वर नुसती ती काळसर वळलेली मान.

एका श्रावणात ती पालीला एकटी गेली. मी दिवसभर वाचत होतो, म्हणजे एकाच पानावर होतो. भाऊ गडग्यापाशी उगाच तीनदा येऊन गेला. दुपारनंतर ढग अंगणात उतरले. गाडीचा आवाज वळणावर आला, मंद झाला, थांबला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग फाटकाची कडी.

ती आत आली, पिशवी ठेवली आणि पदराने कपाळ पुसलं.

"दिसलं?" मी विचारलं.

"समोर," ती म्हणाली. "मला बघूनच मान वळवल्यासारखं वाटलं."

गडग्यापलीकडून भाऊ खाकरला. "वयनी, थांबा चुकला नाय ना?"

"नाही, भावजी."

"बगा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, जणू मी विरोधात होतो.

त्यानंतर ती जातच राहिली. झाडही वाढत राहिलं आणि वळणावरून जाणाऱ्या परक्या लोकांच्याही नजरेत आलं. मुंबईच्या गाड्या वळणावर थांबू लागल्या. लोक उतरून, धुक्यात वाट बघणाऱ्या त्या झाडाचा फोटो काढू लागले. एकाने मला फाटकाशी विचारलं की, या झाडामागे काही कथा आहे का. मी म्हणालो, झाडामागे विहीर आहे. अशीच एक गाडी एका सकाळी वळणावर मधोमध उभी राहिली, मागून दुधाचा टेम्पो आला, त्याने कचकन ब्रेक मारला आणि कॅन रस्त्यावर गडगडले. कुणाला लागलं नाही. दूध मात्र वळणावरून उतारापर्यंत वाहत गेलं आणि गावातली मांजरं दिवसभर तिथे होती. मग ग्रामपंचायतीने, कधी नव्हे ती तत्परता दाखवून, वळण संपतं तिथे, आमच्या थांब्याच्या थोडं अलीकडे, एक गतिरोधक घातला. चांगला उंच. पुढाऱ्यांनी त्यालाही नारळ फोडला.

काचबिंदू थोडा पुढे सरकलाय. डॉक्टर अजून तेच म्हणतात, आहे ते टिकवू. परवा ती पालीहून आली तेव्हा मी तिला विचारलं, आता झाड पूर्वीसारखं दिसतं का.

"असेल की तिथे," ती म्हणाली.

गतिरोधकावर गाडी आपटली की ती उठते. तोवर बहुतेक झोपलेली असते.